डाव्या पायाची नस

"ताई... आत येऊ?"

दारात निकेत उभा होता, आणि वासंतीच्या हातातलं उलथनं हातातच राहिलं! ज्या भावाने सात वर्षांत साधा फोन केला नव्हता, ज्याच्या लग्नाची पत्रिकासुद्धा तिला दुसऱ्याच कुणाच्या मोबाइलवर बघायला मिळाली होती, तो तिचा धाकटा भाऊ आज रविवारी सकाळी शांती नगरमधल्या तिच्या एका खोलीच्या दाराशी उभा होता... केस विस्कटलेले, डोळे सुजलेले, आणि छातीशी एक मोठा लिफाफा घट्ट धरलेला. तव्यावरचं घावन करपायला लागलं होतं, पण तिला त्याचं भान कुठलं? असले लिफाफे ती रोज बघायची. त्यात काय असतं ते उघडायच्या आधीच तिला कळायचं.

"बाबा?" एवढंच ती म्हणाली.

त्या सत्तावीस वर्षांच्या धिप्पाड पोराचा बांधच फुटला. "काल संध्याकाळी छातीत दुखायला लागलं, ताई. रिक्षात घालून तुझ्याच हॉस्पिटलात आणलं, तेच जवळ होतं. अँजिओग्राफी झाली... तीन नसा बंद आहेत! परवा बायपास करायचं म्हणतायत. थांबायला वेळच नाहीये म्हणे. तू तिथे कामाला आहेस हे बाबांना माहीत नाही. मी... मला दुसरं कुणी सुचलंच नाही गं."

वासंतीने गॅस बंद केला. भावाला आत घेतलं, पाणी दिलं, त्याच्या पाठीवर हात ठेवला. 'इतके दिवस कुठे होतास?' असं विचारायचा तिला पुरेपूर हक्क होता. तिने विचारलं नाही. काही माणसं जन्माला येतानाच गिळायला शिकून येतात, आणि वासंती त्यातली पहिल्या नंबरची!

ती डॉक्टर नव्हती. मीरा रोडच्या त्या हॉस्पिटलात हृदयाच्या ऑपरेशनला सर्जनांची असिस्टंट होती. बायपासमध्ये हृदयाची तुंबलेली वाट तशीच सोडून तिच्या बाजूने दुसरी वाट काढून देतात, आणि त्यासाठी पेशंटच्याच पायातली एक लांब नस काढून वर जोडतात. पूर्वी ती नस काढायला घोट्यापासून मांडीपर्यंत पाय उभा चिरायचे. वासंती ती दुर्बिणीने काढायची. गुडघ्याजवळ दोन बोटं मावतील एवढाच छेद, त्यातून नळीसारखी बारीक दुर्बीण आत सरकवायची, आणि समोरच्या पडद्यावर बघत बघत कातडीच्या आतल्या आत नस अलगद सोडवून घ्यायची. वर सर्जन छाती उघडत असतात तेव्हा ती पायाशी बसलेली असते. पेशंट बरा होऊन घरी जातो तो सर्जनांचं नाव घेत. पायाशी कोण बसलं होतं, कोण विचारतो? तिला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं.

पण हे काम तिने का शिकून घेतलं, हट्टाने, दोन वर्षं चेन्नईला एकटी राहून, हे मात्र तिच्याशिवाय या जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यामागची गोष्ट ठाऊक असलेली एकच बाई होती, ती सात वर्षांपूर्वी गौरी आवाहनाच्या दिवशी गेली... तिची आई, आशा.

तेव्हा सगळे भाईंदर पश्चिमेच्या घरात एकत्र होते. बाबाजी पाष्टे हा तिचा बाप रत्नागिरीहून सतराव्या वर्षी आला आणि भाईंदर पूर्वेच्या गाळ्यात स्टीलच्या भांड्यांना पॉलिश मारत एकतीस वर्षं मशीनसमोर उभा राहिला. तोंडाने फटकळ, मनाने भाबडा. जे डोळ्याला दिसेल ते फाडकन बोलून मोकळं व्हायचं! त्या वैशाखात आशाच्या छातीत कळ यायला लागली, म्हणून वासंतीने तिला गुपचूप तपासायला नेलं. ती तेव्हा दुसऱ्या हॉस्पिटलात होती, नोकरीला लागून दीडच वर्ष झालं होतं, आणि आईला तिने तिथेच नेलं. रिपोर्ट आले. बायपास लागणार होतं. "ह्यांना सवडीने सांगते," असं म्हणून आशाने कागद पिशवीत घातले, आणि दोनच दिवसांनी नवराबायको शेजारच्या चंपाकाकूंना बघायला गेले.

आजाऱ्याला बघायला जायचं म्हणजे शहाळं घ्यायचं, पाच मिनिटं टेकायचं, 'होईल बरं' म्हणायचं आणि उठायचं. पण त्या दिवशी चंपाकाकूंच्या पायाचं ड्रेसिंग नेमकं उघडं होतं. बायपासला महिना उलटून गेला होता आणि साखरेमुळे पायाचा तो लांब चिरा भरतच नव्हता. घोट्यापासून मांडीपर्यंत लाल, ओला, वास मारणारा. बाबाजींनी ते बघितलं, तोंड फिरवलं आणि भर खोलीत बोलून गेले, "असा पाय उसवून घेण्यापेक्षा माणूस गेलेलं बरं! आपल्याला नको रे बाबा असलं काही. बघवतसुद्धा नाही!"

झालं! घरी येऊन आशाने वासंतीला मोरीपाशी गाठलं. "मी ऑपरेशन करणार नाही, वासू. ह्यांना शिसारी आली गं... मी डोळ्याने बघितली. उद्या माझाच पाय असा झाला आणि ह्यांनी असंच तोंड फिरवलं तर? त्यापेक्षा मी ऑपरेशन न करताच मरेन." वासंती चार महिने आईच्या विनवण्या करत होती. पाया पडली, रागावली, दोन दिवस जेवली नाही. आशाने तिला गळ्याची शपथ घातली. "त्यांना सांगायचं नाही. आजही नाही, मी गेल्यावरही नाही. आपल्या एका बोलण्याने बायको गेली हे कळलं तर तो माणूस खचेल. तोंडाने कसाही असला तरी माझ्यावर त्याचा जीव आहे."

आणि आशा गेली. कपाटात साड्यांच्या खाली ते रिपोर्ट सापडले. तेराव्याला गावाहून आलेल्या सगळ्या भावकीसमोर, थोरल्या राघोकाकांसमोर, बाबाजींनी ते कागद पोरीच्या तोंडावर फेकले. "चार महिने तुला ठाऊक होतं! हॉस्पिटलात नोकरी करतेस, आणि आईला मरू दिलंस? आई मारलीस तू माझ्या घरात राहून... चालती हो!"

तिने एक शब्द बोलायचा होता फक्त. एकच! पण आईची शपथ आडवी आली, आणि खरं सांगायचं तर तिला स्वतःलाही वाटत होतं की आपण शपथ मोडायला हवी होती, आई जिवंत असतानाच मोडायला हवी होती. म्हणून ती गप्प राहिली. एक बॅग भरली आणि निघाली. ठरत आलेलं लग्न त्याच महिन्यात फिसकटलं, कारण 'आईला मारणारी' हा शिक्का भावकीतून सासरपर्यंत पोचायला कितीसा वेळ लागतो? निकेतच्या लग्नात करवली म्हणून चुलतबहीण पिंकी मिरवली. त्या दिवशी वासंतीने तीन पेशंटच्या पायांतल्या नसा काढल्या आणि रात्रीची ड्यूटीसुद्धा मागून घेतली.

बाबांचं घर तिच्या खोलीपासून रिक्षाने वीस मिनिटांवर होतं. सात वर्षांत ती त्या बाजूला फिरकली नव्हती.

* * *

सोमवारी सकाळी डॉक्टर जितेंद्र यांनी पायांची सोनोग्राफी तिच्यासमोर धरली. ते त्यांचे नेहमीचेच शब्द बोलत होते, पण आज प्रत्येक शब्दाने वासंतीच्या काळजात चर्र होत होतं.

"उजवा पाय बाद. नसा फुगून गाठी झाल्यात, आयुष्यभर उभं राहायचं काम असणार. हाताची पण चालणार नाही, बघितली मी. डाव्या पायात एकच नस आहे, ती पण बारीक. साखर साडेतीनशेला होती आल्या आल्या. ओपन चिरा दिला तर ही जखम कधी भरेल देव जाणे. दुर्बिणीनेच करायला लागेल. आणि ते आपल्याकडे तुलाच येतं. उद्या सकाळी आठची केस, रेडी राहा."

"सर... ते माझे वडील आहेत."

डॉक्टरांनी चष्मा काढला.

"मग तू नाही करायचं," ते म्हणाले. "असा माझा नियम आहे. पण दुसरा माणूस बाहेरून बोलवायचा तर गुरुवार उजाडेल, आणि ह्यांचं हृदय गुरुवारपर्यंत थांबेल याची मी गॅरंटी देत नाही. तुझा हात स्थिर राहील?"

"राहील, सर."

"एक अट आहे. त्यांना सांगायचं. गुपचूप काही करायचं नाही. पाय त्यांचा आहे, कोणाच्या हातात द्यायचा ते त्यांनी ठरवायचं. सही घेऊन ये."

सही! पाय चिरायला हात थरथरणार नव्हता, पण त्या माणसाच्या समोर उभं राहायचं?

दुपारी चार वाजता, भेटायच्या वेळेला, ती वॉर्डात शिरली. हातात संमतीचा कागद, बाजूला निकेत आणि त्याची बायको अनुष्का. अनुष्का नणंदेला पहिल्यांदाच बघत होती. पलंगावर बाबाजी उशीला टेकून बसले होते. किती वाळले होते! मानेच्या शिरा दिसत होत्या, दाढीचे खुंट पांढरेफटक. एकेकाळी दोन खांद्यांवर दोन पोरं घेऊन जत्रेत हिंडणारा हाच का तो माणूस? वासंतीचा ऊर भरून आला.

त्यांनी तिला बघितलं. मॉनिटरवरचे आकडे भराभर वर चढले.

"हिला कोणी बोलावलं?"

"बाबा, ऐकून तरी घ्या..." निकेत पुढे झाला. "उद्या पायातली नस काढायचीय ना, ते ताई करते. दुर्बिणीने. एवढासाच छेद असतो. तुम्हाला साखर आहे, मोठा चिरा दिला तर..."

"द्या मोठा चिरा! वरून खालपर्यंत फाडा पाय, सडला तरी चालेल! पण हिचा हात माझ्या अंगाला लागता कामा नये. एकीला मारून हिचं पोट नाही भरलं?"

शेजारच्या खाटांवरची माणसं वळून बघायला लागली. अनुष्काने तोंडावर पदर घेतला. वासंती जागची हलली नाही. ओठ दाताखाली धरून ती उभी होती, आणि तिच्या आत सात वर्षं कोंडलेलं वाक्य छातीवर धडका मारत होतं... 'मी नाही हो बाबा, तुम्ही! तुम्हीच बोललात, आणि ती गेली!' एवढं म्हटलं की ती मोकळी झाली असती. भाऊ परत मिळाला असता, नाव धुऊन निघालं असतं, पुन्हा कधीच कुणासमोर मान खाली घालावी लागली नसती. पण समोर त्या पडद्यावर हिरवी रेघ वेडीवाकडी धावत होती. उद्या सकाळी उघडायच्या हृदयावर आज हा घाव घालायचा? तिने मान खाली घातली.

"तुम्हाला जे योग्य वाटेल ते करा, बाबा. फक्त उद्याचं ऑपरेशन टाळू नका."

ती वळली, तेवढ्यात दारातून खणखणीत आवाज आला. "काय ओरडताय भावोजी? लिफ्टपर्यंत ऐकायला येतंय!"

चंपाकाकू! हातात शहाळं, पाय थोडा ओढत त्या आत आल्या, स्टूल पुढे घेऊन बसल्या, आणि काय वाद चाललाय हे निकेतकडून दोन वाक्यांत समजल्यावर त्यांनी सरळ साडी गुडघ्यापर्यंत वर केली. घोट्यापासून वर जाणारा जाड, पांढरट व्रण सगळ्या वॉर्डाने बघितला.

"हे बघा! आठ वर्षं होत आली, अजून थंडीत ठणकतो. अडीच महिने मी अंथरुणाला खिळले होते. पोरगी सांगतेय दोन बोटांच्या छेदाने होतं, आणि तुम्हाला मोठा चिरा पाहिजे? एवढी कसली मिजास? विसरलात का? तुम्ही नि आशावहिनी मला बघायला आला होतात. तेव्हा हाच पाय बघून तुम्ही काय बोललात..."

"काकू!"

वासंती किंचाळलीच. धावत जाऊन तिने चंपाकाकूंचे दोन्ही हात घट्ट पकडले. "काकू, नको! पाया पडते तुमच्या... ते नका बोलू. आत्ता नको, कधीच नको!"

चंपाकाकू तोंड उघडं टाकून तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांना काहीच कळलं नाही. निकेतलाही नाही.

बाबाजी मात्र पोरीकडे बघत होते. नजर हलत नव्हती. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग कुठे गेला होता कोण जाणे, आणि त्या जागी जे काही आलं होतं ते वासंतीला वाचता येईना. मग त्यांनी हात पुढे केला.

"कागद आण इकडे."

वाकड्या अक्षरात त्यांनी सही केली आणि कागद तिच्याकडे न बघता सरकवला. "केली सही. आता जा."

चंपाकाकूंनी चांगलंच झापलं म्हणून ऐकलं असेल, असं वासंतीला वाटलं. मनातून काही गेलेलं नाही, नाहीतर एक शब्द तरी बोलले असते. तिने कागद उचलला आणि बाहेर आली.

* * *

मंगळवारी सकाळी आठ वाजता हिरव्या कापडांनी सगळा देह झाकलेला होता. चेहरा पडद्याच्या पलीकडे. वासंतीच्या समोर उरला होता तो फक्त एक डावा पाय, औषधाने पिवळा केलेला. ते एका परीने बरंच होतं. पण पाय तरी कुठे परका होता? टाचेच्या भेगांत पॉलिशची काळी भुकटी इतकी वर्षं मुरून बसली होती, करंगळी पहिल्यापासूनच वाकडी... तिने डोळे मिटले, उघडले, आणि हात पुढे केला.

गुडघ्याच्या आतल्या बाजूला छेद. दुर्बीण आत गेली. हवा सोडली तशी आतली पोकळी हळूहळू उघडली, आणि पडद्यावर ती नस दिसली. बारीक, फिकट, पण धड. वर सर्जनांची करवत छातीच्या हाडावर चालल्याचा आवाज आला. वासंतीने तिकडे बघितलं नाही. नसेला बाजूने बारीक फांद्या असतात, त्या एकेक करून जाळून बंद करायच्या आणि मगच नस सोडवायची. एक फांदी जरी ओढली गेली तरी नसेला भोक. आणि नस एकच होती.

पाच झाल्या. सात झाल्या. मांडीच्या वरच्या भागात ती पोचली, आणि अचानक पडदा लाल झाला!

"काय झालं?" वरून डॉक्टरांचा आवाज.

"फांदी तुटली, सर. रक्त आलंय आत. काही दिसत नाहीये."

"कन्व्हर्ट करायचं? चिरा देऊया का?"

चिरा! चंपाकाकूंचा तो पाय तिच्या डोळ्यांपुढून सर्रकन गेला, आणि मोरीपाशी उभी राहिलेली आई... घाई करून आत काही चाचपडावं तर नसच फाटायची. थांबावं तर किती थांबायचं? वर हृदय उघडं पडलेलं!

"दोन मिनिटं द्या, सर."

तिने डावा पंजा बाहेरून मांडीवर ठेवला आणि दाबून धरला. दुर्बीण हलवली नाही. हात हलवला नाही. श्वाससुद्धा बेताने घेतला. पडद्यावरचा लाल रंग तसाच होता... तसाच... मग कडेने जरासा पातळ झाला. पाण्याने तिने तो हळूच धुतला. आणि दिसलं! तुटलेल्या फांदीचं टोक नसेपासून चांगलं दूर होतं, नस शाबूत होती. तिने ते टोक बंद केलं. पुढच्या वीस मिनिटांत हातभर लांबीची ती नस तिच्या हातात आली. खाऱ्या पाण्याने फुगवून बघितली, एका ठिकाणी थेंब झिरपला, तिथे केसाएवढ्या दोऱ्याची गाठ मारली. मग तिने ती वर दिली.

डॉक्टर जितेंद्र यांनी नस उजेडात धरली. "चांगली आहे," ते म्हणाले. बस, एवढंच!

पायाला टाके घालून, पट्टी बांधून ती बाहेर आली. कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसली आणि तोंडात ओढणीचा बोळा कोंबून ढसाढसा रडली. साडेअकराला निरोप आला की ऑपरेशनसाठी थांबवलेलं हृदय पुन्हा स्वतःहून धडधडायला लागलंय. ती तशीच उठली. दुपारी दुसरी केस होती.

* * *

आयसीयूत असताना बाबाजी शुद्धीवर आले, पण वासंती मुद्दाम काचेच्या बाहेरूनच बघून जायची. चौथ्या दिवशी त्यांना वॉर्डात हलवलं. पायाची पट्टी बदलायची होती. ती दुसऱ्या कुणाला सांगता आली असती, पण आपण केलेला छेद आपणच बघायचा हा तिचा शिरस्ता होता.

ती पायाशी बसली, पट्टी सोडवली. जखम कोरडी, स्वच्छ. सूज नाही. तिने नवी पट्टी उचलली.

"चंपाला का थांबवलंस?"

तिचे हात थबकले. बाबाजी उशीवर मान टेकून छताकडे बघत होते. आवाज पार खोल गेलेला.

"तुम्हाला त्रास झाला असता, बाबा. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी उगाच..."

"तुला ठाऊक होतं. मी काय बोललो होतो, ते आशाने तुला सांगितलं होतं."

"नाही हो!" ती घाईघाईने म्हणाली. "आई मला काहीच बोलली नव्हती. तिला ऑपरेशनची भीती वाटायची, एवढंच."

"आता तरी खोटं बोलू नको गं पोरी..."

त्यांच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानाकडे ओघळत होतं, आणि छातीवर टाके म्हणून त्यांना धड हुंदकाही देता येत नव्हता.

"त्या रिपोर्टवर तारीख होती," ते म्हणाले. "कागद हातात आल्याबरोबर मी पहिली तारीख वाचली. चंपाकडे आम्ही गेलो त्याच्या दोन दिवस आधीची. म्हणजे मी जेव्हा बोललो तेव्हा आशाला माहीत होतं. ते सगळं पोटात ठेवून ती माझ्या शेजारी उभी होती आणि मी... मी तिला म्हटलं, मेलेलं बरं! मला कळलं वासू. त्याच क्षणी कळलं. आणि कळल्यावर मी ते कागद तुझ्या तोंडावर फेकले."

वासंतीच्या हातातून पट्टी खाली पडली.

"कळलं होतं...? बाबा, तुम्हाला आधीच...?"

"कोणावर तरी ढकलल्याशिवाय मला श्वास घेता येत नव्हता. निकेत लहान होता. तू शिकलेली, कमावती, तू सोसशील असं वाटलं. वाटलं, फक्त मलाच ठाऊक आहे, कधी कोणाला कळणार नाही. त्या दिवशी तू चंपाचे हात धरलेस तेव्हा समजलं की तुलाही ठाऊक आहे. पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, आणि मी तुला खुनी म्हणत होतो तेव्हाही तू..." त्यांना पुढे बोलवेना.

सात वर्षं! ज्याला कळू नये म्हणून तिने आपलं घर, आपलं माणूस, आपलं नाव सगळं वाऱ्यावर सोडलं, त्याला ते आधीपासूनच ठाऊक होतं! वासंतीला क्षणभर असा संताप आला की उठून निघून जावं, पुन्हा या माणसाचं तोंड बघू नये. ती उठलीसुद्धा. दारापर्यंत गेली. दाराची मूठ हातात धरून ती उभी राहिली, खांदे गदगदत होते, आणि मागून त्या म्हाताऱ्या माणसाने तिला हाकही मारली नाही. थांब म्हणायचा अधिकार आपल्याला राहिला नाही हे त्याला कळत होतं.

ती परत आली. नवी पट्टी घेतली आणि पाय नीट बांधला.

"दुखतंय?" तिने विचारलं.

"पाय नाही दुखत."

बाहेर भेटायची वेळ झाली होती. गावाहून राघोकाका आणि चुलते आले होते, निकेत, अनुष्का, चंपाकाकू, सगळी टोकाच्या प्रतीक्षागृहात बसून नंबराची वाट बघत होती, कारण ऑपरेशन झालेल्यांकडे एका वेळी दोघांनाच सोडायचे. बाबाजींनी ते विचारून घेतलं आणि पाय खाली सोडले.

"मला चालवायचं सांगितलंय ना डॉक्टरांनी? चल."

"वॉर्डातल्या वॉर्डात, बाबा. तिथवर नाही."

"तिथवरच जायचंय."

एका हाताने छातीशी उशी धरून, दुसऱ्या हाताने पोरीचा दंड पकडून ते निघाले. पाऊल, मग थांबा, मग पाऊल. डावा पाय न लंगडता पडत होता. वासंती शेजारून चालत होती, नजर त्यांच्या श्वासावर... धाप लागली तर, चक्कर आली तर, टाका उसवला तर! प्रतीक्षागृहाच्या दारात ते पोचले तशी सगळी माणसं घाबरून उभी राहिली. निकेत धावला. बाबाजींनी उशीच्या हातानेच त्याला थांबवलं.

"राघोदादा," ते म्हणाले, "तेराव्याला मी सगळ्यांसमोर बोललो होतो, म्हणून आज सगळ्यांसमोर बोलतोय. आशाला हिने नाही मारलं. मी मारलं. माझ्या जिभेने. हिला ते माहीत होतं. मलाही माहीत होतं. ही माझ्यासाठी गप्प राहिली, आणि मी माझ्यासाठीच हिच्यावर आळ घेतला."

चंपाकाकूंनी कपाळावर हात मारून घेतला. निकेत खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता, आणि मग तो येऊन बहिणीच्या खांद्यावर डोकं टेकवून लहान मुलासारखा रडायला लागला.

बाबाजींना धाप लागली होती. वासंतीने पायाने खुर्ची ओढली आणि त्यांच्या मागे सरकवली.

"बाबा, बसा आता. बास झालं. बसा."

"बसतो," ते म्हणाले. त्यांनी तिचा दंड सोडला नाही. "तू आधी बस."